मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला पुन्हा सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन पानांचा कागद यायचा. वरच्या बाजूला पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असायचा: पाऊस किती मिलिमीटर, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. एवढे आता कुठल्याही मोबाइलवर दिसते. आम्ही वाट पाहायचो ती खालच्या मजकुराची. सोयाबीन फुलोऱ्यात आहे, दोन दिवस उघडीप आहे, फवारणी उरकून घ्या. शनिवारी वारा जास्त आहे, थांबा. शेतात पाणी साचले असेल तर आधी चर काढून द्या आणि वापसा आल्याशिवाय, म्हणजे पाणी निचरून जमीन कामाजोगी झाल्याशिवाय, कोळपणीला घुसू नका. शेळ्यांना पावसात भिजू देऊ नका. हा कागद आमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात बसणारे एक कृषी हवामान तज्ज्ञ आणि त्यांच्या जोडीचे एक निरीक्षक मिळून तयार करायचे.

मार्च 2024 पासून तो कागद बंद आहे. त्याविषयी सविस्तर लिहायचे म्हणून हे पत्र.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने 2018 पासून ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली. योजना 530 केंद्रांची होती, उघडली गेली 199. त्याआधीपासून कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांमध्ये अशीच 130 केंद्रे काम करत होती, पण त्या एकेका केंद्राकडे पाच-सात जिल्हे असायचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आजही मराठवाड्यासाठी सल्ला निघतो. तो चांगला असतो, मी वाचतो. पण मराठवाड्याचे जिल्हे आठ. नांदेडच्या किनवटचा पाऊस आणि बीडच्या आष्टीचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक. जिल्ह्याच्या केंद्राने ही सेवा तालुक्यापर्यंत आणली होती. 1 मार्च 2024 रोजी ही 199 केंद्रे बंद झाली. माणसे कंत्राटी होती, त्यामुळे एका आदेशाने काम भागले.

ऑक्टोबर 2022 मधली गोष्ट सांगतो. माझी साडेतीन एकर फुले संगम (सोयाबीनचा वाण) कापून शेतातच पसरलेली होती. ऊन चांगले होते, आणखी दोन दिवस वाळू द्यावी असा विचार होता. शुक्रवारचा कागद आला, त्यात कापलेले सोयाबीन गोळा करून झाकून ठेवा असे होते. मला पटेना, कारण आभाळ निरभ्र होते. मी त्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “काका, तुमच्या मंडळात उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे. गंजी उंचवट्यावर लावा, खाली काहीतरी अंथरा, नुसती वरून ताडपत्री टाकून भागणार नाही.” त्या रात्री मी, माझे दोन्ही मुलगे आणि दुप्पट मजुरीवर आणलेली सहा माणसे टॉर्चच्या उजेडात राबलो. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास पाऊस सुरू झाला, तो पुढे तीन दिवस थांबला नाही. माझे सोयाबीन वाचले. शेजारच्या शिवारात शेंगांना जागेवर कोंब आले. ते काळे पडलेले दाणे मी हातात घेऊन पाहिले आहेत, वासही विसरलो नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी तणनाशक मारले. मोबाइलवर ‘पावसाची शक्यता 40 टक्के’ असे दिसत होते. या 40 टक्क्यांचे मी काय करायचे? मारायचे की थांबायचे? फवारणी झाल्यावर तासाभरात सर आली आणि औषध धुऊन गेले. पुन्हा औषध, पुन्हा मजुरी, आणि मधल्या आठवड्यात तण गुडघ्याला लागले. मी याचा दोष कुणाला देत नाही, पाऊस तो पाऊस. पण आकडा वाचून ‘काका, आज नको’ असे सांगणारा माणूस आता राहिला नाही, हे खरे आहे.

केंद्रे बंद का केली? माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांच्या आधारे 2024 मध्येच बातम्या छापून आल्या होत्या. हवामानाच्या नोंदी आता आपोआप होतात, तेव्हा जिल्ह्याला माणसे कशाला, असा नीती आयोगाचा मुद्दा असल्याचे त्यांत म्हटले होते. या सेवेतून पैसा उभा करण्याची सूचनाही होती. पहिला मुद्दा मला फार लागला, कारण तो त्या माणसांचे काम न पाहताच मांडलेला आहे. नोंद आपोआप होते, मान्य. पण सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचणे हे त्यांच्या दिवसातले सर्वांत छोटे काम होते. त्यानंतर ते गावात जायचे, बांधावर उभे राहायचे, पीक कोणत्या अवस्थेत आहे ते पाहायचे. माझी फुले संगम अजून शेंग भरत असते तेव्हा शेजाऱ्याची जेएस 335 पिवळी पडायला लागलेली असते. एकच पाऊस मला हवा असतो आणि त्याला नको असतो. मुरमाड जमिनीवर तो एका दिवसात वापसा देतो, काळ्या जमिनीत पाच दिवस पाय ठेवू देत नाही. हे स्वयंचलित यंत्राला कसे कळणार? शिवाय यंत्राच्या नळकांड्यात पालापाचोळा अडकला, पाखराने घाण केली, तर भर पावसात नोंद शून्य दाखवते. ते ओळखायलाही माणूसच लागतो.

दुसरा मुद्दा पैशाचा. राष्ट्रीय उपयोजित अर्थशास्त्र संशोधन परिषदेने 2020 मध्ये मान्सून मिशन आणि हवामान अंदाजासाठीच्या महासंगणकांवर झालेल्या खर्चाचा हिशेब मांडला. सुमारे 1,000 कोटींच्या गुंतवणुकीतून पाच वर्षांत 50,000 कोटींचा फायदा, असा तो हिशेब होता. पाहणीतल्या 98 टक्के शेतकऱ्यांनी सल्ल्यावरून शेतीतले किमान एखादे काम तरी बदलले होते. दारिद्र्यरेषेखालच्या कोरडवाहू कुटुंबाचे उत्पन्न त्यामुळे वर्षाला सुमारे 12,500 रुपयांनी वाढते असे त्यात निघाले. अशा कुटुंबाकडून सल्ल्याचे पैसे घ्यायचे? ज्याला परवडेल त्याला पाऊस आधी कळणार आणि ज्याचे दोनच एकर आहे तो आभाळाकडे पाहत बसणार.

ही सेवा काल-परवा उगवलेली नव्हती. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात. तिथेच 1932 मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेचा, उभ्या पिकातल्या तापमानाचा अभ्यास करून या शास्त्राचा पाया घातला. 1945 पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र सुरू झाले. माझे वडील संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे, ते ऐकूनच उद्याचे काम ठरायचे. पुढे राज्याच्या पातळीवरून विभाग, विभागावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका असा हा सल्ला एकेक पायरी आमच्या जवळ येत गेला. 2024 मध्ये पहिल्यांदाच तो एक पायरी मागे गेला.

विद्यापीठांचे यात काय बिघडले, असे कुणी विचारील. माझ्या मेव्हण्याची मुलगी कृषी हवामानशास्त्रात एम. एस्सी. झाली. दोन पावसाळे तिने भल्या पहाटे उठून पिकातले तापमान मोजले, पेरणीची तारीख बदलली की किडीचे काय होते यावर प्रबंध लिहिला. त्या विषयाची पदवी घेऊन जायचे ठिकाण म्हणजे ही जिल्हा केंद्रेच होती. आता ती बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते. पुढच्या वर्षी हा विषय कुणी का घेईल? आणि विद्यार्थीच आले नाहीत तर विभाग किती दिवस चालेल? राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या आणि संशोधकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या नोंदी आणि शेतकऱ्यांनी कळवलेले अनुभव थांबले, की संशोधकाने काम करायचे कशावर? ‘तुमचा गेल्या आठवड्याचा अंदाज चुकला’ हे आम्ही त्या साहेबांना तोंडावर सांगायचो आणि ते लिहून घ्यायचे, वर कळवायचे. अंदाज सुधारतो तो अशानेच.

सरकार हवामानावर खर्च करत नाही असे मी म्हणत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये मिशन मौसमला 2,000 कोटी मंजूर झाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली सहा किलोमीटर अंतराने अंदाज देणारी प्रणाली मे 2025 मध्ये सुरू झाली, याचा मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. त्याच वर्षी देशातल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे संदेश मोबाइलवर गेले. पण अंदाज जितका बारीक होत जाईल तितका तो समजावून सांगणारा माणूस जास्त लागेल. पाटाला पाणी भरपूर सोडले आणि शेवटची चारीच बुजवली, तर शेत कोरडेच राहते.

त्यातच पीक विम्याचे धोरण बदलले. एक रुपयात विमा 2023 च्या खरिपात आला आणि 2025 मध्ये गेला. आता हप्ता भरायचा आणि भरपाई मात्र पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे काही निवडक शेतांत कापणी करून मोजलेल्या, उत्पादनावर. पेरणी वाया गेली, काढणीनंतर गंजी भिजली, यांसाठी मिळणारा आधार राज्याने काढून घेतला. म्हणजे गंजी कधी झाकायची हा निर्णय आता पूर्वीपेक्षा जास्त महाग झाला आहे आणि तो घेताना विचारायला कुणी नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पूर आला तो कुठल्याही सल्ल्याने थोपला नसता, हे मला ठाऊक आहे. जमिनीच खरडून गेल्या. त्यानंतर राज्याने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले, ते गरजेचेच होते. मात्र 199 जिल्ह्यांत दोन-दोन माणसांचा पगार चालू ठेवायला त्याच्या तुलनेत किती लागले असते, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

ही केंद्रे पुन्हा सुरू करण्याचा विचार असल्याच्या बातम्या सप्टेंबर 2024 मध्ये आल्या होत्या. आमच्या कृषी विज्ञान केंद्रातली ती खोली मी मागच्या महिन्यात पाहून आलो. कुलूप आहे, दारावरची पाटी तशीच आहे. पर्जन्यमापकाभोवती गवत वाढले आहे.

आमच्या खासदारांना माझी विनंती आहे की त्यांनी लोकसभेत सरळ विचारावे: या 199 पैकी किती ठिकाणी आज माणूस बसतो? महाराष्ट्रात किती? केंद्राला जमत नसेल तर राज्याने चारही कृषी विद्यापीठांमार्फत ही पदे भरावीत, कंत्राटी न ठेवता कायमची भरावीत. महसूल मंडळांतली महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान यंत्रे आधीच उभी आहेत, त्यांच्या नोंदी या तज्ज्ञांच्या हाती द्याव्यात. आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. परभणीहून निघणारा सल्ला आपण आठवड्यातून दोनदा जिल्हा आवृत्तीत छापावा. बाजारभावांच्या शेजारी चार बोटे जागा पुरेल. आमच्या गावात स्मार्टफोन नसलेली म्हातारी माणसे अजून पारावर बसून आपला पेपर वाचतात आणि पेरणीचा निर्णय घरात अजून तीच घेतात.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी, मराठवाडा