पी-९१ चा जॉइंट आणि जुनी सवय

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तिथले जुने एसआरवाले (वेल्डिंगनंतर जॉइंट तापवून त्यातला ताण काढणारे) पी-९१ पोलादाच्या पाइपाबद्दल तुला सांगतात, "मॅडम, जॉइंट थंड होऊ देऊ नका, वेल्डर उठला की लगेच तापमान वर चढवा." फोन आला तेव्हा मी वावरात होतो, रेंज धड नव्हती. म्हणून लिहून पाठवतो.

ती माणसं लबाड नाहीत. त्यांचा हात पी-२२ या कमी क्रोमियमच्या पोलादावर बसलेला, माझाही तिथंच बसला. त्याला प्रीहीट (वेल्डिंगआधीपासून दिलेली ऊब) न मोडता सरळ सातशे अंशांकडे नेलं तरी चालतं. कोराडी वीजकेंद्राच्या ६६० मेगावॅटच्या कामावर पी-९१ आला तेव्हा आमच्यातही हाच वाद होता. त्यात नऊ टक्के क्रोमियम. २२० ला प्रीहीट ठेवून वेल्डिंग केलं, तर संपेपर्यंत सगळ्या ऑस्टेनाइटचा (गरम पोलादाची रचना) मार्टेन्साइट (थंड होताना बनणारी कडक रचना) झालेला नसतो. तसाच ७६० ला नेलास तर उरलेल्याला टेम्परिंग (तापवून ठिसूळपणा घालवणं) मिळतच नाही; सोकिंग (त्या तापमानाला धरून ठेवणं) संपून पाइप उतरायला लागला की तो नव्यानं कडक मार्टेन्साइट होऊन बसतो. तापमानाचा चार्ट देखणा निघतो, आणि आत काचेसारखा ठिसूळ भाग राहतो. म्हणून आधी ८० ते १०० च्या दरम्यान उतरू दे. पाइप जाड असला तर तिथं तासभर थांब, कारण आतली बाजू मागून थंड होते. मगच वर चढव.

थंड होऊ दे म्हटलं म्हणून रात्रभर उघडा मात्र टाकू नको. टेम्परिंग न झालेला पी-९१ फार नाजूक, त्यात वेल्डिंगचा हायड्रोजन अडकलेला आणि वरून पावसाची ओल, म्हणजे तडा गेलाच समज. एसआर लगेच लागणार नसेल तर पोस्ट-हीटिंग (हायड्रोजन निघून जावा म्हणून थोडं तापवून ठेवणं) करून घे, कोरडा झाकून ठेव. आणि वीज गेली तर लागणारा डीजी सेट (जनरेटर) खरंच चालू होतो का, ते सुरू करण्याआधी बघ. कागदावर सगळेच डीजी चालू असतात!

आता थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी. दोन्ही तारांची टोकं पाइपाला जवळजवळ, पण वेगवेगळी चिकटलेली पाहिजेत. तापवायच्या पॅडखाली कुठं तारा एकमेकींना भिडल्या तर रेकॉर्डर तिथलं तापमान दाखवतो, जॉइंटचं नाही. टोकावर उष्णतारोधक वूलचा तुकडा दे, नाहीतर पॅडचीच धग मोजली जाते. आडव्या पाइपाला वरची बाजू तापते, खालची मागं राहते; एकच थर्मोकपल वर लावून भागवणारे मी पाहिलेत. खालीही लाव, हीटिंगचे झोन वेगळे माग. पाइपाची उघडी तोंडं बुजव, हवा खेळली की सगळं बिघडतं.

तापमान कमी पडेल या भीतीनं ते जास्त वर ढकलू नको. आठशेच्या पुढं गेलं की पुन्हा ऑस्टेनाइट व्हायला लागतो. फिलरमध्ये (वेल्डच्या भरणीत) निकेल-मँगनीज जास्त असेल तर त्याच्याही आधी. मग हार्डनेस बघून काहीतरी जुळवत बसतात.

फोरमन शिफ्ट संपायची घाई करेल. त्याच्याशी भांडू नको, डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची ठरलेली लेखी पद्धत) पुढं कर आणि चार्टवर सही थांबव. तुला तेवढा अधिकार आहे.

इकडे पऱ्हाटीत डवरा सुरू आहे. आई तुरीची डाळ भरडून ठेवतेय, कोणी तिकडे येणारं असेल तर कळव. पैसे या महिन्यात नको पाठवू, बियाण्याचं भागलं.

तुझा,
बाबा