गाडी घरी ठेवा, नाथसागरावर पायी या

संपादक साहेब, नमस्कार.

आम्ही मराठवाड्यातले, समुद्र आम्हाला टीव्हीवर नाहीतर कोकणच्या ट्रिपला दिसतो, पण पैठणकराला त्याचं काही वाटत नाही कारण आमच्याकडे नाथसागर आहे, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की लाटा पण येतात, अजून काय पाहिजे. माझ्याकडे कारवानी कुत्रा आहे, शेरू, नुसत्या टांगाच टांगा, त्याला पळायला जागा लागते म्हणून रोज सकाळी मागच्या सीटवर चादर टाकून त्याला कारने काठावर न्यायचो. अंतर किती, तर अडीच किलोमीटर. फिरायला न्यायचं आणि तेही गाडीत बसवून, सांगायला पण लाज वाटते.

मार्चमध्ये गाडी गॅरेजला आठ दिवस अडकली आणि शेरूने घर डोक्यावर घेतलं, मग काय, निघालो पायीच. आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या, त्याची गाडीतली उलटी बंद झाली (चादर धुवायचं काम वाचलं म्हणून बायको खूश) आणि गाडीतून कधी न दिसलेलं मला दिसायला लागलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की गाळाची जमीन उघडी पडते, लोक तिथं गाळपेरा करतात, आणि त्याच्याच कडेनं चाकोऱ्या पाडत आपल्या गाड्या थेट पाण्यापर्यंत. एक जण तर पुढची चाकं पाण्यात घालून मॅट धूत होता, डिक्कीत गाणी फुल आवाजात. अहो हेच पाणी संभाजीनगरच्या अन् जालन्याच्या नळाला येतं!

एके दिवशी टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, शेरूला ओढून धरलं आणि खाली बघितलं तर खड्यांमध्ये चार अंडी, अगदी खड्यांसारखीच ठिपक्यांची, आणि चाकोरी तिथून फार तर वीतभर. त्या चाकोरीत माझे टायर पण असणारच की. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, मी स्वतः गाडीचं दार धाडकन लावून कितीदा थवे उठवलेत. तिथं कुत्रा कशाला नेता असं कोणी म्हटलं तर तेही ऐकून घेईन, पूर्वी मोकळा सोडायचो, आता डांबरी संपायच्या आधीच साखळी असते आणि पाण्याच्या बरंच अलीकडून मागे फिरतो.

बोर्ड लावून आपल्याकडं काही होत नाही, बोर्डाला लोक टॉवेल वाळत घालतात. काठाकडं जाणाऱ्या कच्च्या वाटांच्या तोंडाशी मोठे दगड टाका, शेतकऱ्याच्या बैलगाडीपुरती फट ठेवा, ट्रॅक्टरसाठी साखळी लावून किल्ली गाळपेरा करणाऱ्यांकडंच द्या, आणि कार सगळ्या वर रस्त्यालाच थांबवा. लोक चिडतील. मार्चच्या आधी मी पण चिडलो असतो.

आपला,
एक वाचक, पैठण