चिठ्ठ्यांचा डबा बंद करायला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका पालकांचं पत्र छापून आलं, की कॉलेजची पोरंपोरी गावोगाव फिरून मुलांना "नको ते" शिकवतायत, हे बंद करा. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही पण त्या पोरापोरींमधली एक मी आहे. वय २२, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आम्ही सहा जण आहोत, रविवारी वडापने जातो, समाजमंदिरात नाहीतर तालमीत बसतो आणि दोन तास पाळी, वयात येणं, गर्भनिरोधक, एचआयव्ही, नको असलेला स्पर्श, होकार-नकार असल्या विषयांवर बोलतो. आणि नको ते म्हणजे नक्की काय हे त्या काकांना कळावं म्हणून हे पत्र.

आमच्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, झाकणाला छिन्नीने फट पाडलेली. सगळ्यांना सारखाच कागद, सारखीच पेन्सिल, आणि काही विचारायचं नसेल तरी कोरी चिठ्ठी टाकायचीच, म्हणजे कोणी विचारलं ते कोणालाच कळत नाही. पहिल्या वेळी आम्हाला वाटलेलं सगळ्या कोऱ्याच निघतील. निघाल्या मोजून चार.

"धात गेली की ताकद कायमची जाते का" ही चिठ्ठी जवळजवळ प्रत्येक गावात असते. वीर्य शरीरात तयार होतच राहतं, झोपेत गेलं किंवा हाताने काढलं तरी अशक्तपणा येत नाही, एवढं एक वाक्य घरात कोणी सांगत नाही म्हणून पोरं स्टँडच्या मुतारीतल्या गुप्तरोगाच्या जाहिरातीवरचा नंबर फिरवतात आणि कर्ज काढून पुड्या आणतात. पोरींच्या चिठ्ठ्यांत अंगावरून पांढरं जाणं असतं, वास येतो खाज येते पण आई म्हणते सगळ्यांनाच असतं. डॉक्टर राणी बंग ताईंनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं, शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८. माझ्या आईची पिढी तीच, आणि "सगळ्यांनाच असतं" हे वाक्य तिथूनच आलंय.

एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं, "मला मुलगाच आवडतो, लग्न केल्यावर हे जाईल का". अक्षर मुलाचं की मुलीचं ते बघायचंच नाही असं आमचं ठरलेलं आहे, फक्त त्या खोडलेल्या जागी कागद फाटायला आला होता. मी सांगितलं की हा आजार नाही त्यामुळे लग्न हे त्याचं औषध होऊ शकत नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ पासून आपल्या देशात दोन सज्ञानांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध हा गुन्हाही नाही. तालमीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

त्या काकांना अजून एक सांगावंसं वाटतं, हे खूळ आमच्या पिढीने काढलेलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला तो कशासाठी, तर हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची त्यांनी उत्तरं छापली म्हणून! कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो खटला हरले, दंड झाला, पण प्रश्न तेच आहेत, फक्त तेव्हा पोस्टाने यायचे आणि आता आमच्या डब्यात येतात.

चुका आमच्याकडूनही झाल्या. एका सेशनला ऐकू न येणारी एक ताई आली होती, मी पाऊण तास बोलत होते आणि ती नुसती माझ्या ओठांकडे बघत होती, मला लक्षातही आलं नाही. शेवटी तिने मोबाईलवर टाईप करून स्क्रीन माझ्यासमोर धरली, "डॉक्टर पण आईशीच बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही". त्या दिवसापासून आम्ही सगळं मोठ्या अक्षरात चित्रांसकट कार्डांवर लिहितो आणि आमच्यातले दोघं खाणाखुणांची भाषा शिकतायत. व्हीलचेअर जाईल असा हॉल मात्र अजून दोनच गावांत मिळालाय.

आणि जी चिठ्ठी आमच्या आवाक्याबाहेरची असते, म्हणजे घरातलंच कोणी त्रास देतंय अशी, तिथे आम्ही शहाणपणा करत नाही, गटाला १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर सांगतो आणि त्याच दिवशी समुपदेशक ताईंना कळवतो.

खरंतर हे सरकारचंच काम आहे. २००७ साली आपल्या राज्याने शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली होती, आणि २०१४ पासून केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी गावातलीच मुलंमुली पिअर एज्युकेटर, म्हणजे बरोबरीच्यांना शिकवणारी, म्हणून तयार करायची असं स्पष्ट आहे, सरकारी दवाखान्यात वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहेत, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, १०९७ या एचआयव्ही हेल्पलाईनवर फोन करून विचारता येतं. पण विचारा गावात किती जणांना माहितीय. एका शाळेने आम्हाला बोलावलं आणि ऐनवेळी सगळ्या मुलांना ग्राउंडवर सोडलं, आतमध्ये फक्त मुली, फक्त पॅडबद्दल बोला म्हणाले. खिडकीच्या गजांतून आठ-दहा पोरं डोकावत होती, शिपाई येऊन त्यांना हाकलत होता.

तर तीन मागण्या आहेत. शाळांनी मुलांना बाहेर काढू नये. ग्रामपंचायतीने फळ्यावर मैत्री क्लिनिकचा वार आणि वेळ लिहावी, खडू आम्ही आणतो. आणि तुम्ही, संपादक साहेब, रविवारच्या पानावर थोडी जागा द्या, प्रश्न आम्ही नावाशिवाय पाठवू, उत्तरं चांगल्या डॉक्टरांकडून घ्या.

काकांना मनापासून बोलावणं आहे. पुढच्या रविवारी आमच्या गावच्या समाजमंदिरात सकाळी दहाला या, मागच्या रांगेत बसा, आणि डबा उघडला की पहिल्या पाच चिठ्ठ्या तुम्हीच वाचा.

तुमची एक वाचक,
नर्सिंग विद्यार्थिनी, ता. वाळवा, जि. सांगली