पावतीमागची बारीक अक्षरे

गाड्यांच्या डिटेलिंगच्या, म्हणजे सखोल सफाई आणि पॉलिशच्या, वाढत्या दुकानांवरील आपला लेख वाचला. त्यात नुकसानभरपाईचा मुद्दा राहून गेला. वाशीत माझ्या गाडीच्या बॉनेटवर पॉलिशिंग मशीन जरा जास्तच फिरले आणि कडेचा रंग उडून आतला राखाडी प्रायमर दिसू लागला. दुकानदाराने शांतपणे पावती उलटी करून दाखवली: ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.’ भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 151 मात्र सांगते की, ताब्यात घेतलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःची जपतो तशी जपली पाहिजे. आपल्याच विम्यातून दावा करावा, तर 50 टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो. चूक त्यांची, भुर्दंड आपल्याला! ग्राहकांच्या गाड्यांसाठी विमा काढला आहे का, हे दुकानांनी दर्शनी भागात लिहावे, अशी सक्ती महापालिकेने परवाना देतानाच करावी.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई