शिंपल्याचे वय रंगावरून ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत कोकणातल्या एका किनाऱ्यावर सापडलेल्या शिंपल्याचा फोटो आला होता. पंख्यासारखा आकार, काळपट करडा रंग, आणि खाली ओळ : ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीवाश्म’. शिंपला उचलून, धुऊन, फोटो काढून पाठवणाऱ्या वाचकाचे मला मनापासून कौतुक वाटले. पण वय केवळ रंगावरून ठरवलेले दिसले, आणि ते मला स्वस्थ बसू देईना.

मी दापोली तालुक्यातल्या शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले. सध्या मुलीकडे अमेरिकेत, मेरीलँडला आले आहे. इथे चेसापीक उपसागराच्या काठाने कॅल्व्हर्ट क्लिफ्स नावाचे मातकट कडे मैलोन्‌मैल उभे आहेत. एक ते दोन कोटी वर्षांपूर्वी हा भाग उथळ समुद्राखाली होता, त्याच समुद्रतळाचे हे थर. लाटा आणि हिवाळ्यातला बर्फ कडा पोखरतात, माती ढासळते आणि आतले शिंपले, शार्कचे दात वाळूत येऊन पडतात. लस्बी गावाजवळच्या सरकारी उद्यानात गाडी लावून रानातून सुमारे तीन किलोमीटर चालले की किनारा लागतो. कडा कधीही कोसळतो, म्हणून त्याच्या पायथ्याशी जायला आणि कडा खणायला बंदी आहे. मोकळ्या वाळूत सापडेल ते मात्र घरी नेता येते.

तिथे माझ्या नऊ वर्षांच्या नातीला तळहाताएवढा शिंपला मिळाला. शेल पेट्रोल पंपाच्या फलकावर असतो ना, त्याच जातकुळीचा. इंग्रजीत स्कॅलॉप म्हणतात. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवले ते वजन. कवच कडेला बिस्किटाएवढे जाड होते. रंग? मळकट पांढरा, एका बाजूला विटकरी छटा. त्यात ‘जुना’ म्हणावे असे काहीच नव्हते! पाठीवर बार्नॅकलचे (खडकाला, शिंपल्याला चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री जीवाचे) चार चुनखडी कंगोरे घट्ट बसलेले, आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोके : शिंपला पोखरणाऱ्या स्पंज नावाच्या समुद्री जीवाची.

घरी गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवला आणि दातकोरणीने खाचांतली वाळू काढली. शिंपल्यावर उभे सरी-वरंबे असतात. नातीने वरंबे मोजले, पंधरा भरले. मी मात्र आधीच नाव ठरवून बसले होते : चेसापेक्टेन जेफरसोनियस. शेजारच्या व्हर्जिनिया राज्याचा हा १९९३ पासूनचा राज्य-जीवाश्म, म्हणजे आपल्याकडे राज्यपक्षी असतो तसे अधिकृत मानचिन्ह. मार्टिन लिस्टर या इंग्रज डॉक्टरांनी १६८७ मध्ये याचे चित्र छापले, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचे राज्य होते तेव्हा. उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्माचे छापलेले ते पहिले चित्र मानतात. पुढे १८२४ मध्ये टॉमस से या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यावरून त्याला नाव दिले. इतका मानाचा शिंपला आपल्या नातीला मिळावा, असे कोणत्या आजीला वाटणार नाही?

जवळच्या सॉलोमन्स गावातल्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममधल्या कार्यकर्त्याने शिंपला हातात घेतला आणि आधी विचारले, “सापडला कुठे?” मग वरंबे मोजले. जेफरसनच्या शिंपल्याला साधारण ९ ते १२ ठसठशीत वरंबे असतात, आणि तो चाळीस-पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या थरांतला. हे कडे त्याहून कितीतरी जुने. मग त्याने बिजागरीजवळचे दोन ‘कान’ दाखवले. त्यातल्या एका कानाखाली खाच असते. शिंपल्यातला प्राणी तिच्यातून बारीक धागे बाहेर काढून खडकाला धरून राहतो. या कुळात जुन्या जातींची खाच खोल आणि पुढच्या जातींची उथळ होत गेलेली दिसते. रुंद कान, वरंब्यांची संख्या आणि सापडलेली जागा मिळून आमच्या शिंपल्याचे नाव ठरले चेसापेक्टेन नेफ्रेन्स. वय सव्वा कोटी वर्षांच्या आसपास. नातीने तिथेच तारीख आणि जागा लिहून चिठ्ठी केली. दुसऱ्या एका शिंपल्याचे कान वाळू झटकताना माझ्या हातून तुटले. तो आता निनावीच राहणार, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. खाडीच्या काळ्या चिखलात पुरला गेलेला अगदी अलीकडचा शिंपलाही करडा, काळा पडतो. चिखलातल्या लोह आणि गंधकाच्या संयुगांनी त्याला तो रंग चढतो. म्हणून आधी किनाऱ्यामागचा खडक पाहावा. मुरूड-हर्णैला मागे काय आहे? काळा कातळ आणि त्यावर जांभा. तो कातळ लाव्हारसाचा, समुद्रतळाचा नव्हे. त्यातून असे शिंपले गळून पडायचे नाहीत. वाळू आणि शिंपले चुन्याने एकजीव होऊन झालेला करळ काही ठिकाणी आहे. त्यातले शिंपले जुने खरे, पण काही हजार वर्षांचे. ‘कोट्यवधी’ आणि ‘हजारो’ यांत फरक आहे, आणि मुले आपली पुरवणी कात्रणे काढून वहीत चिकटवतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी वर्षानुवर्षे चिकटवली आहेत.

माझी विनंती एवढीच : असे फोटो छापताना शिंपल्याच्या आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू, शेजारी एखादे नाणे आणि सापडल्याची नेमकी जागा वाचकांकडून मागून घ्यावी.

मी नोव्हेंबरमध्ये परत येत आहे. नातीने तिचा शिंपला चिठ्ठीसकट माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी दिला आहे. ज्या वाचकाने तो करडा शिंपला पाठवला, त्यांनी तो मला जरूर दाखवावा. त्याचे कान शाबूत असतील, तर दोन्ही शिंपले एकाच टेबलावर ठेवून मुलांना वरंबे मोजायला लावता येतील.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
दापोली (सध्या मुक्काम मेरीलँड)