समुपदेशन कक्षाचं कुलूप कधी उघडणार? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न.

मी नागपूरची एक आई. लेक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात नागपूर भट्टीसारखं तापलेलं, तरी पोरगी घरात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. मला कळायला तीन आठवडे लागले. पोळ्या लाटताना बाही वर सरकली, तेव्हा तिने स्वतःच करून घेतलेल्या जखमा दिसल्या.

गेल्या सोमवारी कॉलेजने बोलावून घेतलं. 'समुपदेशन कक्ष' पाटीच्या खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. समुपदेशक नेमू, असं जानेवारीतल्या पालकसभेत सांगितलं होतं. माझ्यासमोर ठेवलं ते हमीपत्र: पुन्हा असं घडल्यास प्रवेश रद्द. लेक शेजारी मान खाली घालून उभी, आणि मी सही केली. त्या सहीने मला रात्र रात्र झोप नाही.

साहेब, अशी मुलं बहुतेक वेळा मरायला निघालेली नसतात. आतली घालमेल असह्य होते, ती घटकाभर शमावी म्हणून स्वतःला इजा करतात. तरी दुर्लक्ष चालत नाही, कारण पुढे जिवाचा धोका वाढतो. 'नाटकं करते' म्हटलं, शपथा घातल्या, की मूल फक्त लपवायला शिकतं. शांतपणे शेजारी बसून विचारणारं माणूस लागतं.

ते माणूस द्या, असं सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. आणखी किती आकडे हवेत? १४४१६ ही टेलि-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबरसुद्धा कॉलेजच्या फलकावर कुठे नव्हता. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची तेव्हा भिंती रंगायच्या, पाट्या लागायच्या. समिती गेली की कुलूप. शिकवणारे तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात धावतात, कुणाचा चेहरा उतरलाय ते त्यांनी कधी बघायचं? निकाल रखडतात, फी मात्र तारखेला हवी. पोरांचं ऐकायला या सगळ्या कारभारात एकही खुर्ची नाही.

हमीपत्रं बंद करा. समुपदेशक नेमा, पगारी आणि पूर्णवेळ, आणि मुलीने सांगितलेलं त्या खोलीबाहेर जाणार नाही याची लेखी हमी कॉलेजकडून घ्या. डिसेंबरात अधिवेशनाला नागपुरात याल, तेव्हा ते कुलूप बघायला मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.

काल रात्री लेकीने विचारलं, "आई, मला काढून टाकतील का गं?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

नागपूरची एक आई