पेशंट तोच, मॅडम मात्र दरवेळी नवीन

संपादक महोदय,

मागच्या वर्षी माझ्या मुलीला काउन्सेलिंगला नेत होते, मानेवाड्याहून दर गुरुवारी, बर्डीला बस बदलून, आणि सात महिन्यांत तीन शिकाऊ मॅडम बदलल्या. पोस्टिंग संपली की त्या जातात, नवीन येतात, फाइल उघडून पुन्हा पहिल्यापासून, बाबा कधी गेले, तेव्हा तू कितवीत होतीस. तिसऱ्यांदा पोरगी नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली, एक शब्द बोलली नाही. त्या मुलींचा दोष नाही, मनापासून ऐकायच्या त्या, ट्रेनिंगच तसं लावलेलं.

सायकोडायनॅमिक थेरपीत, म्हणजे बोलता बोलता मनात दडलेलं उलगडणाऱ्या उपचारात, तर सगळा भार नात्यावरच असतो, जुना राग, हेही सोडून जातील ही भीती थेरपिस्टवरच निघते आणि तिथेच त्यावर काम होतं, त्याला महिने काय, वर्षंही लागतात. अमेरिकेत सायकॉलॉजीची डॉक्टरेट मिळण्याआधी वर्षभराची इंटर्नशिप असते, काही ठिकाणी इंटर्न तेच पेशंट वर्षभर दर आठवड्याला बघतात, वर सिनियरचं सुपरव्हिजन. आणि ही थेरपी ज्या मनोविश्लेषणातून आली ती विद्या आपल्याकडे नवी नाही, डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच कोलकात्यात सायकोॲनालिटिकल सोसायटी, म्हणजे मनोविश्लेषणाची संस्था, काढली होती.

नागपुरात मेडिकल कॉलेज आहे, मनोरुग्णालय आहे, शिकणारी पोरं आहेत. पोस्टिंग कुठेही फिरवा, पण प्रत्येक विद्यार्थ्याकडे निदान एक पेशंट शेवटपर्यंत ठेवा, आणि जायचंच असेल तर महिनाभर आधी पेशंटला सांगा हो. माझ्या मुलीला ते दारात नवीन चेहरा दिसल्यावरच कळायचं.

– एक आई, मानेवाडा, नागपूर